कोंब उजेडाकडे का वळतो? : जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट

मित्रांनो, नवरात्रात आपल्या उज्जैनमधल्या बऱ्याच मराठी घरांत घट बसतात. परडीत काळी माती घालायची, तिच्यात गहू किंवा जव पेरायचे, मध्ये घट आणि शेजारी अखंड दिवा. शेजारच्या माळवी घरांत यालाच जवारे म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात. देवघर अंधारात असेल तर ते पिवळट आणि लांबुळके होतात. आणि उजेड फक्त दाराकडून येत असेल तर सगळे कोंब एकजात दाराकडे कलतात. हरसिद्धीच्या मंदिरात दीपमाळा पेटलेल्या असतात त्याच दिवसांत घराघरांतून हा प्रकार चालू असतो. आपण तो दरवर्षी बघतो आणि दसऱ्याला ते तुरे कानामागे खोचून मोकळे होतो.

गॅलरीतल्या कुंड्यांचंही तसंच. आपलं गाव कर्कवृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर येतो की वेधशाळेतल्या शंकूची सावली दिसेनाशी होते. डिसेंबरात मात्र दुपारी बारालासुद्धा तो दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर असतो. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या गॅलरीतली झाडं कठड्याबाहेर माना काढून उभी राहतात. आपण कुंडी फिरवून ठेवतो, आणि काही दिवसांत ती पुन्हा वळलेली असतात.

झाडाला डोळे नाहीत. मग उजेड कुठून येतोय हे त्याला कळतं कसं? आणि कळलं तरी ते वाकतं कशाने? हाडं नाहीत, स्नायू नाहीत. या प्रश्नाला शास्त्रात प्रकाशानुवर्तनाचा प्रश्न म्हणतात. आपल्या देशात या प्रश्नाच्या मागे आयुष्याची कितीतरी वर्षं घालवणारा माणूस म्हणजे जगदीशचंद्र बोस.

बोसांचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण एकाच वाक्यात : झाडांना जीव असतो हे त्यांनी शोधलं. हे वाक्य खरं नाही. झाडं जिवंत असतात हे माळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला त्यांच्या आधी माहीत होतं, आणि शास्त्रज्ञांनाही. बोसांनी केलेलं काम वेगळं होतं, जास्त अवघड होतं, आणि त्यातलं सगळंच बरोबर ठरलं असंही नाही. म्हणूनच ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

फरीदपूरचा मुलगा

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंगला झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. ब्राह्मो समाजातले मोठे कार्यकर्ते. त्या काळी अशा हुद्द्यावरचा माणूस मुलाला सरळ इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी तसं केलं नाही. आधी स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसं कळली पाहिजेत, मग इंग्रजी, असं त्यांचं मत. त्यामुळे फरीदपूरला असताना जगदीश बंगाली शाळेत गेला. एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसायचा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. त्यांच्याकडून नदीतल्या माशांच्या, पक्ष्यांच्या, जनावरांच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. निसर्गाची ओढ आपल्याला तिथे लागली असं त्यांनी पुढे सांगितलं आहे.

शाळेत पोचवायला घरचा एक गडी असायचा. तो पूर्वीचा दरोडेखोर. भगवानचंद्रांनीच त्याला तुरुंगात पाठवलं होतं, आणि सुटून आल्यावर त्याला कुणी काम देईना तेव्हा त्यांनीच घरी ठेवून घेतलं. आपल्या मुलाला त्याच्या खांद्यावर बसवून शाळेत पाठवणारा बाप काय माणूस असेल याची कल्पना करा. याच भगवानचंद्रांनी लोकांसाठी काही उद्योग काढून पाहिले, ते बुडाले आणि घरावर कर्ज झालं. ते कर्ज पुढे आपल्या गोष्टीत येणार आहे.

झेवियर्स आणि फादर लाफों

पुढचं शिक्षण कलकत्त्याला. हेअर स्कूल, मग सेंट झेवियर्सची शाळा आणि तिथलंच कॉलेज. खेड्यातून आलेला, बंगाली शाळेत शिकलेला हा मुलगा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत सुरुवातीला पार एकटा पडला होता.

झेवियर्समध्ये त्याला फादर यूजिन लाफों भेटले. बेल्जियमहून आलेले हे जेझुइट पाद्री भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि फळ्यावर कमी, टेबलावर जास्त. प्रत्येक गोष्ट प्रयोग करून दाखवायची, उपकरण मुलांसमोर चालवायचं, हा त्यांचा खाक्या. कॉलेजबाहेरच्या लोकांसाठीसुद्धा ते अशी व्याख्यानं द्यायचे. १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी कलकत्त्यात विज्ञानसंवर्धनासाठी जी संस्था काढली, तिच्या उभारणीत लाफोंचा मोठा हात होता. पुढे याच संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आपलं नोबेलचं काम केलं. पाद्री धर्मही शिकवतो आणि विजेची बॅटरीही जोडून दाखवतो, यात त्या कॉलेजात कुणाला विसंगती वाटत नव्हती. जगदीशचंद्रांचा कल वनस्पती-प्राण्यांकडे होता, पण लाफोंमुळे ते भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. उपकरण स्वतः बनवायचं आणि निकाल लोकांना डोळ्यांनी दाखवायचा, ही सवय त्यांना इथे लागली ती जन्मभर टिकली.

१८७९ मध्ये ते बी. ए. झाले. आय.सी.एस. व्हावं असं मनात होतं. स्वतः सरकारी अधिकारी असलेल्या वडिलांनी तिकडे जाऊ दिलं नाही. मुलाने लोकांवर हुकूम चालवण्यापेक्षा काहीतरी शिकावं असं त्यांना वाटे. मग १८८० मध्ये ते डॉक्टरीसाठी लंडनला गेले. पण जाण्याआधीपासून अंगात मुरलेला ताप तिथे बळावला. शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना. वर्षभरात डॉक्टरी सोडावी लागली आणि ते केंब्रिजला ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले.

डार्विन बापलेकांचं गवत

आता एक योगायोग बघा. ख्राइस्ट्स कॉलेज म्हणजे चार्ल्स डार्विन यांचं कॉलेज. पाद्री होण्याच्या विचाराने डार्विन तिथे शिकले होते. जगदीशचंद्र तिथे आले १८८२ च्या सुरुवातीला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये डार्विन वारले. दोघांची भेट झाली नाही. पण डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि केंब्रिजच्या ज्या शिक्षकांकडे जगदीशचंद्र शिकले त्यांत ते होते. भौतिकशास्त्राला लॉर्ड रॅले होते, वनस्पतिशास्त्राला प्रा. व्हाइन्स होते.

याच चार्ल्स आणि फ्रान्सिस या बापलेकांनी १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर एक जाडजूड पुस्तक काढलं होतं. त्यातला एक प्रयोग आपल्या घटाशी अगदी जुळणारा आहे. त्यांनी कॅनरी गवताचे कोंब घेतले. पाळीव पक्ष्यांना ज्याचं बी घालतात ते हे गवत, म्हणजे गव्हा-जवाच्याच कुळातलं. कोवळ्या कोंबावर म्यानासारखं एक आवरण असतं. एका बाजूने उजेड दिला की कोंब तिकडे वाकतो, पण वाकतो तो शेंड्याच्या खाली. डार्विननी काही कोंबांच्या फक्त शेंड्यांवर उजेड आत जाणार नाही अशा बारीक टोप्या घातल्या. ते कोंब वाकले नाहीत, सरळ वाढत राहिले. उलट काही कोंबांचा खालचा भाग काळ्या वाळूत बुजवून फक्त शेंडा उघडा ठेवला, तर ते वाकले.

अर्थ सरळ होता. उजेड ओळखतो शेंडा, वाकतो खालचा भाग. म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जातो. तो निरोप कसला, हे डार्विनना सांगता आलं नाही. जर्मनीतले नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस साक्स यांनी तर या घरगुती प्रयोगांची टरच उडवली. पण प्रश्न जगासमोर आला होता : निरोप कसला? जगदीशचंद्र केंब्रिजमध्ये शिकत असताना हा प्रश्न ताजा होता.

बिनपगारी तीन वर्षं

१८८४ मध्ये केंब्रिजची आणि लंडनची पदवी घेऊन ते परत आले. १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लागले. हिंदी माणसाला विज्ञान शिकवायला जमायचं नाही असं तिथल्या काही इंग्रज अधिकाऱ्यांचं मत होतं. त्यात पगाराचा नियम असा की त्याच कामाला हिंदी प्राध्यापकाला इंग्रजाच्या दोन तृतीयांश पगार. बोसांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या इंग्रजाच्या एक तृतीयांश.

बोसांनी राजीनामा दिला नाही, आरडाओरडा केला नाही. ते रोज कॉलेजात जायचे, पूर्ण काम करायचे आणि महिन्याच्या शेवटी पगाराला हात लावायचे नाहीत. असं तीन वर्षं चाललं. लक्षात घ्या, घरी वडिलांचं कर्ज होतं, आणि मध्येच, १८८७ मध्ये, त्यांचं अबला दास यांच्याशी लग्न झालं. अबलाताईंनी मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलं होतं. पुढे मुलींच्या आणि विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी बंगालमध्ये मोठं काम केलं. त्या दोघांनी ही तीन वर्षं कशी काढली असतील! शेवटी वरिष्ठांनाच त्यांचं शिकवणं मान्य करावं लागलं. नेमणूक कायम झाली आणि मागचा सगळा पगार पूर्ण दराने एकदम मिळाला. त्यातून वडिलांचं कर्ज फिटायला लागलं.

आपल्यापैकी बरेच जण उद्या कुठे ना कुठे कंत्राटी नोकरीत लागतील. त्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. कमी पैशात काम करणं एक, आणि आपलं काम कमी दर्जाचं आहे हे कबूल करणं दुसरं. बोसांनी पहिलं सोसलं, दुसरं नाही.

बिनतारी लहरींपासून लाजाळूपर्यंत

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी संशोधन हाती घेतलं. कॉलेजात प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती. एक छोटीशी खोली आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक टिनकाम करणारा कारागीर, एवढ्यावर काम सुरू झालं. काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण करून त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग केला. लहरी भिंतींतून पार गेल्या आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, बंदुकीची दारू उडाली. मार्कोनींचं नाव जगभर होण्याच्या आधीची ही गोष्ट. लंडन विद्यापीठाने १८९६ मध्ये त्यांना डी. एससी. दिली. आपल्या शोधाचं पेटंट घेऊन पैसा करणं त्यांना आवडायचं नाही. मित्रांच्या आग्रहाने एक अमेरिकन पेटंट तेवढं घेतलं गेलं, ते १९०४ मध्ये मंजूर झालं.

लहरी पकडणाऱ्या उपकरणातले धातूचे कण वापरून वापरून मंद व्हायचे आणि थोडी विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत व्हायचे. बोसांना हे थकलेल्या स्नायूसारखं वाटलं. त्यांनी धातू, स्नायू आणि वनस्पती यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. इथून ते वनस्पतींकडे वळले ते कायमचे.

आणि इथेच भांडणं सुरू झाली. १९०१ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आपलं काम मांडलं. झाडाला डिवचलं की विजेची खूण उमटते आणि ती प्राण्याच्या प्रतिसादासारखीच असते, असं त्यांचं म्हणणं. शरीरशास्त्रातले बुजुर्ग बर्डन-सँडरसन यांनी, भौतिकशास्त्राच्या माणसाने आमच्या अंगणात येऊ नये, अशा थाटात हरकत घेतली आणि निबंधातला प्रतिसाद हा शब्द बदलायला सांगितला. बोसांनी शब्द बदलला नाही. निबंध छापला गेला नाही, दप्तरात पडून राहिला. त्यांचे केंब्रिजचे शिक्षक व्हाइन्स तेव्हा लिनियन सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी येऊन प्रयोग स्वतः पाहिला, आणि पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने तो शोध प्रसिद्ध केला. न्यायाने हेही सांगायला हवं की मांसाहारी व्हीनस फ्लायट्रॅपमध्ये विजेचे बदल बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच नोंदवले होते. बोसांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं : ही गोष्ट एखाद्या विचित्र झाडापुरती नाही, ती साध्या गाजरात आणि मुळ्यातही आहे.

या कठीण काळात त्यांना मित्रांनी सांभाळलं. रवींद्रनाथ टागोरांनी त्रिपुराच्या महाराजांकडून पैशाची मदत मिळवून दिली. भगिनी निवेदितांनी त्यांच्या पुस्तकांच्या इंग्रजी मजकुरावर मेहनत घेतली.

वाढ मोजणारं यंत्र

झाड वाढताना आपल्याला दिसत नाही, कारण ती वाढ फार सावकाश होते. सेकंदाला इंचाचा लाखावा भाग, या हिशोबाने. बोसांनी ती डोळ्यांना दिसेल असं यंत्र बनवलं. तरफांची जोडी कोंबाची हालचाल दहा हजार पटींनी मोठी करायची आणि काजळी धरलेल्या काचेवर ठिपके उमटवायची. पुढे चुंबक वापरून त्यांनी हे मोठं करणं एक कोटी पटींपर्यंत नेलं. आपल्या उपकरणांना संस्कृतवरून नावं द्यायची त्यांची फार इच्छा होती. पण परदेशी तोंडात त्या नावांची अशी काही मोडतोड झाली की त्यांनी हात टेकले आणि या यंत्राला क्रेस्कोग्राफ हे नाव राहिलं.

आता खताचा थेंब, थंडीची झुळूक, विषाचा अंश, उजेडाची तिरीप, यांतल्या कशाने वाढ किती वाढते किंवा थांबते ते काही मिनिटांत कळू लागलं. आधी यासाठी दिवसच्या दिवस जायचे. १९२० मध्ये लंडनमध्ये या यंत्रावर जाहीर शंका घेतली गेली. बोसांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात शास्त्रज्ञांसमोर ते चालवून दाखवलं. पाहणाऱ्यांनी यंत्र खरं असल्याचं वर्तमानपत्रातून कळवलं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. एकोणीस वर्षांपूर्वी याच सोसायटीने त्यांचा निबंध छापायचं नाकारलं होतं.

याच काळातली एक गोष्ट मला सगळ्यांत आवडते. त्यांच्या लहानपणीच्या फरीदपुरात एक कललेलं खजुराचं झाड होतं. संध्याकाळी देवळात घंटा वाजायच्या सुमारास ते खाली झुकायचं, जणू नमस्कार करतंय, आणि सकाळी पुन्हा उठायचं. लोक त्याला देव मानून नवस बोलायचे. बोसांनी त्याची टिंगल केली नाही आणि हातही जोडून ते निघून गेले नाहीत. मालकाची समजूत घालून त्यांनी झाडाला हालचाल नोंदवणारं यंत्र लावलं आणि रात्रंदिवस नोंदी घेतल्या. झाड घंटेने झुकत नव्हतं. दिवसाच्या उष्णतेबरोबर ते खाली जायचं आणि रात्रीच्या गारव्यात वर यायचं. मग त्यांनी इतर झाडं तपासली, तर कमी-जास्त प्रमाणात तीही तसंच करत होती, फक्त डोळ्यांना दिसत नव्हतं. एका झाडाचा चमत्कार गेला आणि सगळ्या झाडांचा नियम हाती आला.

उजेडाचं उत्तर : बरोबर काय, चूक काय

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर सुरू केलं. प्रेसिडेन्सीतून ते १९१५ मध्ये निवृत्त झाले होते. उजेडाकडे वळण्याच्या प्रश्नावर इथे भरपूर काम झालं, आणि १९२९ मध्ये वाढ व वळणाऱ्या हालचाली यांवर त्यांचं एक स्वतंत्र पुस्तक निघालं.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. ज्या बाजूवर उजेड थेट पडतो तिथली वाढ मंदावते, ती बाजू आखडते. त्याच वेळी उजेडाचा परिणाम आडवा पलीकडे पोचतो आणि दुसरी बाजू फुगते, जास्त वाढते. एक बाजू आखूड, दुसरी लांब, म्हणून कोंब उजेडाकडे वाकतो. उजेड फार तीव्र असला आणि बराच वेळ राहिला की परिणाम थेट पलीकडे जाऊन पोचतो, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि कोंब सरळ होतो. कधी कधी तर उलटा वळतो. हा निरोप जाण्याची पद्धत प्राण्यांच्या मज्जातंतूंसारखी आहे, असा त्यांचा आग्रह होता.

पण त्याच सुमारास हॉलंडमध्ये, उट्रेख्टला, फ्रिट्स वेंट नावाचा एक तरुण डार्विन बापलेकांचा प्रयोग पुढे नेत होता. डेन्मार्कच्या बॉयसेन येन्सेन यांनी आधीच दाखवलं होतं की कोंबाचा शेंडा कापून मध्ये जिलेटिनचा तुकडा ठेवला तरी निरोप खाली जातो. म्हणजे निरोप विरघळणाऱ्या पदार्थाचा असला पाहिजे. वेंटने ओटाच्या कोंबांचे कापलेले शेंडे अगरच्या तुकड्यांवर काही वेळ ठेवले, मग शेंडे फेकून दिले आणि नुसता अगरचा तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला बसवला. अंधारात, उजेडाशिवाय, कोंब वाकला. शेंड्यातला पदार्थ अगरमध्ये उतरला होता. हे काम १९२६ ते १९२८ मधलं. त्या पदार्थाला आपण ऑक्सिन म्हणतो. उजेड एका बाजूने आला की ऑक्सिन सावलीच्या बाजूला सरकतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे ढकलला जातो. उजेड ओळखणारी प्रथिनं तर आणखी पुढे, १९९० च्या दशकात सापडली. ती प्रामुख्याने निळ्या उजेडाला ओळखतात.

म्हणजे एक बाजू कमी आणि दुसरी जास्त वाढते, निरोप आडवा जातो, हे बोसांचं निरीक्षण पक्कं होतं. निरोप मज्जातंतूसारखा आहे हे त्यांचं उत्तर मात्र इथे लागू पडलं नाही. निरोप रसायनाचा निघाला. साठी-सत्तरीत माणूस आपल्याच सिद्धांताच्या प्रेमात पडतो, त्याला बोसही अपवाद नव्हते. जगातल्या प्रत्येक हालचालीत त्यांना तीच एक गोष्ट दिसू लागली होती. त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतर पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राने त्यांचं कामच बाजूला टाकलं. पण लाजाळूच्या पानात विजेचा निरोप जातो हे आज सर्वमान्य आहे, आणि वनस्पतींतल्या विद्युतसंदेशांवर आता पुन्हा गंभीर संशोधन चालतं. तिथे बोसांचं नाव घ्यावंच लागतं.

शास्त्रज्ञ आणि साहित्य मंडळ

आपण वाङ्मय मंडळवाले, म्हणून हे सांगतो. बोस बंगीय साहित्य परिषदेचे अध्यक्ष होते. विज्ञानावरचे त्यांचे बंगाली लेख ‘अव्यक्त’ या पुस्तकात १९२१ मध्ये आले. त्याआधी, १८९६ मध्ये, त्यांनी एक बंगाली विज्ञानकथा लिहिली होती. तीत समुद्रातलं वादळ केसांच्या तेलाच्या बाटलीने शांत होतं, आणि एका तेलाच्या कंपनीच्या स्पर्धेत तिला बक्षीसही मिळालं. लंडनमध्ये इंग्रजीतून भांडणारा हा माणूस घरच्या लोकांना आपलं काम घरच्या भाषेत सांगायचा. चपराशाच्या आणि कोळ्याच्या मुलांमध्ये बसून शिकलेली ती भाषा होती.

आपल्या भागाशीही त्यांचा एक धागा जुळतो. त्यांचं पहिलं मोठं चरित्र १९२० मध्ये लिहिलं पॅट्रिक गेडिस यांनी. गेडिस मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. होळकरांच्या इंदूर शहराचा विकास-आराखडा १९१८ मध्ये यांनीच तयार केला, आणि १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते. मराठी माणसांपैकी मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर बोसांच्याच कलकत्त्यात १९२० नंतर विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्यात १९४६ पासून महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आज तिथल्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे.

जगदीशचंद्र २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला वारले. एकोणऐंशी पूर्ण व्हायला एक आठवडा राहिला होता.

मित्रांनो, आपल्याकडे मोठ्या माणसाचं काय होतं ते आपण जाणतो. एक वाक्य ठरतं, फोटोला हार पडतो, पुढे कुणी काही विचारत नाही. फरीदपूरच्या खजुराचंही लोकांनी तेच केलं होतं. बोसांनी मात्र त्या झाडाला यंत्र लावलं. त्यांच्या कामालाही तेच लावलं पाहिजे : कुठे बरोबर होते, कुठे चुकले, हे तपासून बघायचं. त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

आणि हे नुसतं वाचून सोडू नका. बुटाचं रिकामं खोकं घ्या, एका बाजूला बोटभर फट पाडा. आत वाटीभर मातीत गहू पेरा. कोंब दोन-तीन सेंटिमीटरचे झाले आणि म्यानातून पान अजून बाहेर आलेलं नसलं की निम्म्या कोंबांच्या शेंड्यांवर ॲल्युमिनियम फॉइलच्या चिमुकल्या टोप्या बसवा. झाकण लावून फट उजेडाकडे करा आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघा. कोणते वाकले, कोणते सरळ राहिले, ते वहीत लिहून ठेवा. टोप्या बसवताना चार-दोन कोंब मोडतील, म्हणून थोडे जास्तच पेरा.